वजनावर की नगावर? जुन्या वस्तूंच्या बाजारांची पार्श्वभूमी

आजीची पितळी समई विकायला काढली तर तिला दोन भाव मिळू शकतात. भांड्यांच्या दुकानात ती तराजूत जाते आणि घट वजा करून मोडीचा भाव हातात पडतो. तीच समई मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर पोचली की तिचं वजन कुणी विचारत नाही. तिथे नगावर बोली होते: घडण कुठली, वरचा मोर मूळचाच आहे की मागाहून बसवलेला, झिजलीय कुठे. या दोन भावांमधल्या फरकावर एक अख्खा धंदा उभा आहे. पुण्या-मुंबईची माणसं सुट्ट्या काढून कराईकुडी, मट्टनचेरी, जोधपूर, कोलकाता असे दौरे करतात ती याच फरकामुळे. वस्तू जितकी मूळ घराजवळ गाठावी तितकी ती स्वस्त, आणि ती कुठून आली हे सांगणारा माणूस भेटण्याची शक्यताही तितकी जास्त.

पण मुळात एखाद्या गावात असा बाजार भरतोच का? जुनी घरं तर सगळीकडेच असतात. त्या यादीतल्या बहुतेक गावांचा मागचा इतिहास पाहिला, तर तिथे एका विशिष्ट काळात घरं झपाट्याने रिकामी झालेली दिसतात. कधी संस्थान खालसा झालं, कधी जमीन गेली, कधी समुद्रापलीकडचा व्यापार बुडाला, कधी वारसाहक्काचा कायदाच बदलला.

आपल्याकडचं जुनं आणि कडू उदाहरण नागपूरचं. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं 1853 च्या डिसेंबरात निधन झालं, मागे वारस नव्हता, आणि डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. पाठोपाठ राजवाड्यातल्या चीजवस्तूंना पाय फुटले. हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले आणि जडजवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं. तेव्हा या वस्तूंना कुणी ‘जुन्या’ म्हणून गिऱ्हाईक नव्हतं. सोनं सोन्याच्या भावात आणि हत्ती हत्तीच्या भावात गेला.

जुनं ते जुनं म्हणून शोधायला गावोगाव फिरणं मराठीत सुरू झालं ते वस्तूंसाठी नव्हे, कागदांसाठी. वि. का. राजवाडे दफ्तरांच्या मागे खेडोपाडी हिंडले आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड निघाले, पहिला 1898 साली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं तेही याच ध्यासातून. साताऱ्याचे द. ब. पारसनीस कागदांबरोबर चित्रंही जमवत. त्यांचा संग्रह पुढे 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. मुंबईत शेठ पुरुषोत्तम मावजी यांनी जमवलेल्या वस्तू 1915 मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमने घेतल्या. ही सगळी मंडळी इतिहासाच्या किंवा कलेच्या नजरेने पाहत होती. घरातल्या अडकित्त्याकडे अजून कुणाची नजर वळली नव्हती.

ती वळवली दिनकर केळकरांनी. 1896 चा जन्म, पुण्यात चष्म्याचं दुकान, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा माणूस. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. मुलगा राजा लहानपणीच गेला आणि संग्रहाला त्याचं नाव मिळालं. त्यांच्या संग्रहात शस्त्रंही आहेत, चित्रंही आहेत, पण शुक्रवार पेठेतल्या त्या इमारतीत पाय रेंगाळतात ते दिव्यांपाशी, अडकित्त्यांपाशी, पाय घासायच्या वज्रींपाशी, दौतींपाशी, कुलपांपाशी. वज्री! घासून झाली की न्हाणीघराच्या कोपऱ्यात टाकून द्यायची वस्तू. तिच्यावर हंस, मोर, घोडेस्वार बसवणारा कारागीर कोण असेल, हा प्रश्न केळकरांच्या आधी फारसा कुणी विचारला नसावा. पत्नी कमलाबाईंच्या साथीने ते देशभर फिरले. कोथरूडचा मस्तानी महाल मोडला जात होता, त्याचे भाग आणून त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभा केला. 1960 पर्यंत नगांची संख्या 15,000 च्या घरात गेली होती. 1975 मध्ये हा ठेवा त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. आज तो 20,000 च्या वर आहे आणि त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो.

मला वाटतं, महाराष्ट्रात वजनावरच्या वस्तू नगावर यायला केळकरांचा मोठा हातभार लागला. संग्रहालय पाहून घरी गेलेल्या माणसाने माळ्यावरचा लामणदिवा मोडीत घालण्याआधी एकदा थांबून विचार केला असणार. अर्थात, त्याच विचाराने दुकानदारांचीही नजर तयार झाली.

केळकर हिंडत होते तो काळ या कामाला अनुकूल होता, आणि त्यामागची कारणं सुखद नाहीत. 1948 च्या जानेवारीत गांधीहत्येनंतर सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत ब्राह्मणांची घरं जळाली. कुटुंबं पुण्या-मुंबईकडे निघाली. वाचलं ते कुणाकडे तरी ठेवून किंवा मिळेल त्या भावाला देऊन. त्याच साली कूळकायदा आला, 1957 च्या 1 एप्रिलला ‘कसेल त्याची जमीन’ झाली. जमिनीचं वाटप न्याय्य होतं, यात शंका नाही. पण खंडावर चालणारे वाडे एका पिढीत चालेनासे झाले, हेही तितकंच खरं. शहरातल्या वाड्यांचं दुखणं वेगळं होतं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरू खोली सोडेना. 1961 च्या 12 जुलैला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दिवसात बसले. उरलेले पुढच्या चाळीस वर्षांत बिल्डरांनी पाडले. नक्षीच्या चौकटी, सागवानी खांब, तुळया आणि कडीपाटाची फळी जुन्या लाकडाच्या वखारींत गेली, आणि पितळी कड्यांचे झोपाळे फार्महाउसांत जाऊन टांगले गेले.

स्वयंपाकघर रिकामं करायला मात्र कायदा लागला नाही, स्टेनलेस स्टील पुरलं. चिंच नको, राख नको, कल्हई तर नकोच. तांब्या-पितळेला कल्हईवाला लागायचा. तो दारात यायचा थांबला तसे हंडे, घंगाळी, पराती, बंब एकेक करून दुकानात गेले आणि बदल्यात चकचकीत डबे आले. आपल्या आज्यांना याचं वाईट वाटलं असेल असं आज आपण गृहीत धरतो. मला तसं वाटत नाही. पाण्याने भरलेला पितळी हंडा उचलून पाहावा, म्हणजे त्यांची सुटका लक्षात येईल.

त्या भांड्यांनी एक सोय मागे ठेवली आहे. लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यावर नाव घालायची आपली रीत. टिंबाटिंबांनी कोरलेलं देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीख. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादी कळशी उलटी करून पाहिली तर तिची जन्मकुंडली हाती लागते. काही विक्रेते ही नावं घासून टाकतात. जाणकार गिऱ्हाईक नाव असलेलंच भांडं मागतं.

मुंबईचा चोर बाजार या साऱ्या ओघांचा संगम आहे. चोरीच्या मालावरून नाव पडलं असं लोक म्हणतात; ‘शोर’चं चोर झालं असंही सांगतात. वाद सोडून देऊ. भेंडी बाजाराजवळच्या त्या गल्ल्यांत पेशवाई वाड्यातल्या दारापेक्षा जास्त दिसतं ते वसाहतकाळातलं मुंबईचं सामान: बंगल्यांमधली कपाटं, पारशी घरांतली घड्याळं, बंदर आणि जहाजांवरचे दिवे, इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, सिनेमाची पोस्टरं. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर भल्या पहाटे जुम्म्याचा बाजार भरतो. खेड्यातला भंगारवाला, तालुक्याचा व्यापारी आणि मग हे दुकान, अशी साखळी असते आणि दर कडीला भाव चढतो. म्हणून हौशी माणूस साखळीत उलट्या दिशेने चालू लागतो आणि मुंबई सोडतो.

दक्षिणेत तो कराईकुडीला थांबतोच. तमिळनाडूतले नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारीसाठी ब्रह्मदेश, सिलोन, मलायात पसरले होते. तिकडच्या पैशातून त्यांनी गावात प्रचंड घरं बांधली. ब्रह्मदेशी सागाचे खांब, इटालियन संगमरवर, बेल्जियन आरसे, स्वीडनहून आलेली मिन्याची (एनॅमलची) भांडी, शेजारच्या आत्तंगुडीच्या फरशा. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथली सावकारी बुडाली. घरं राहिली, पण वारस वाढत गेले. एकेका घराला डझनावारी मालक झाले. दुरुस्ती कुणी करायची यावर एकमत होईना, मोडायचं म्हटलं की व्हायचं. त्या घरांतला ऐवज मुनीश्वरन कोविल रस्त्यावरच्या दुकानांत लागला. तिथे मिन्याचे डबे, चटणीची भांडी आणि लाकडी तक्तपोशीचे तुकडे एकावर एक रचलेले असतात, आणि घासाघीस करताना हा माल भंगाराच्या भावात आला होता हे दोघांनाही माहीत असतं.

कोचीच्या मट्टनचेरीत ज्यू टाउन आहे. 1568 चं सिनेगॉग, त्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पुराणवस्तूंची दुकानं. तिथले ज्यू इस्रायलच्या स्थापनेनंतर हळूहळू निघून गेले, जसे आपल्या रायगड-मुंबईतले बेने इस्राएल गेले. पण दुकानांतला माल फक्त त्यांचा नाही. 1975 मध्ये केरळने कायद्याने एकत्र कुटुंबपद्धती संपवली, जमीनसुधारणा त्याआधीच झाल्या होत्या. मोठी तरवाडं, म्हणजे एकत्र कुटुंबांची वडिलोपार्जित घरं, वाटण्यांत मोडली. तिथल्या काशाच्या उरुळ्या (रुंद तोंडाची भांडी), फणसाच्या लाकडाच्या पेट्या, अख्खी दारं या गल्लीत आली.

कोलकात्यात इंग्रज गेले आणि जमीनदारी संपली. रसेल स्ट्रीटवर 1940 पासून चाललेलं रसेल एक्स्चेंज अजून रविवारी लिलाव पुकारतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून सर्व वारसांना हिस्सा मिळतो आणि माणसं पोर्तुगाल, आखात, मुंबईत विखुरलेली असतात. त्यामुळे शिसवी नक्षीच्या खुर्च्या आणि मकावमार्गे आलेली चिनी मातीची भांडी विक्रीला निघाली. राजस्थानात 1971 च्या डिसेंबरात संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि हवेल्या उघड्या पडल्या. जोधपूरचं पुढे वेगळंच झालं. मूळ वस्तू संपत आल्या, परदेशी मागणी मात्र वाढत गेली, तेव्हा तिथल्या कारागिरांनी शिसवाचं ‘जुनं’ फर्निचर नव्याने बनवायला घेतलं. आज तो उघड उद्योग आहे आणि प्रामाणिक दुकानदार ते स्वतःच सांगतो.

या वळणामागे कायदाही आहे. 1972 चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा 1976 च्या 5 एप्रिलपासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं, नाणी, कारागिरीच्या वस्तू, इमारतीतून सुटे केलेले भाग हे सारं पुरावशेष. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. देशात खरेदी-विक्रीला बंदी नाही, पण विकणाऱ्याला परवाना लागतो, आणि शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते. देशाबाहेर मात्र खासगी माणूस यातलं काही नेऊ शकत नाही. परदेशस्थ मराठी माणसांना हे अनेकदा विमानतळावर कळतं. न्यायची वस्तू शंभर वर्षांच्या आतली आहे असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. हस्तिदंताचा तर विचारच सोडावा. देशातला त्याचा व्यापार बंद आहे, मग फणी पणजीची का असेना. देवळातली मूर्ती स्वस्तात मिळत असेल तर तिथून निघणं उत्तम.

बनावटीचे प्रकार जितके जुने तितके सर्वांना ठाऊक, तरी लोक फसतात. सर्वांत खपणारा नग म्हणजे चकाकत्या पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. बहुतेक वेळा त्यात यंत्र एका मोडक्या पेटीतलं, खोकं नवं आणि कर्णा कालपरवा ठोकलेला असतो. पितळेवर आम्ल मारून किंवा ते मातीत पुरून हिरवट कळा आणतात. खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते: अडकित्त्याच्या मुठीला, डब्याच्या कडीला, पाटाच्या मधोमध. सगळीकडे सारखीच झिजलेली वस्तू कुणी वापरलेलीच नसते. फोटोवरून हे कळत नाही, म्हणून मोबाइलवर माल दाखवणारे गट कितीही झाले तरी प्रवास सुटत नाही.

दरम्यान कायद्यातली ती शंभर वर्षांची रेघ दर साली एक घर पुढे सरकते आहे. 1930 च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींबरोबर घडलेली गोल कोपऱ्यांची कपाटं आणि ड्रेसिंग टेबलं येत्या काही वर्षांत ती ओलांडू लागतील. आत्ता त्यातली बरीचशी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पडून आहेत, पॉलिश उडालेली, आणि त्यांचा भाव अजून लाकडावरच ठरतो.