दोनशे वाढले, पंधराशे गेले

अंधेरीतलं एक घर घेऊ. नवरा पॅकिंगच्या कामावर महिना 18,000 कमावतो, वर्षाचे 2,16,000. बायको धुणी-भांडी करून महिना 2,800 आणते. घराचं वार्षिक उत्पन्न 2,49,600. ‘लाडकी बहीण’ची मर्यादा अडीच लाख, म्हणून तिचे 1,500 चालू. आता तिला दोनशेची पगारवाढ मिळाली की बेरीज जाते 2,52,000 वर. नियमानं पंधराशे बंद!

प्रत्यक्षात हा पैसा रोखीत येतो, कुठल्या दाखल्यावर दिसत नाही; शिवाय पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच मागत नाहीत. म्हणजे नियम काटेकोर पाळला तर भुर्दंड पडतो पगार खात्यात जमा होणाऱ्यांनाच. अशानं कोणी काम सोडेलच असं नाही, पण पगार रोखीत मागेल.

मर्यादेच्या जागी उतार ठेवता येतो. अडीच लाखांच्या वरच्या दर रुपयामागे मदतीतले 40 पैसे कापायचे. मग या घराचं उत्पन्न 2,400 नं वाढलं, तर वर्षाच्या 18,000 मधले फक्त 800 जातील. 1,600 हातात उरतील. मदत संपेल 2,95,000 वर. अर्थात मधल्या 45,000 च्या पट्ट्यातली सगळी घरं पात्र ठरतात आणि खर्च वाढतो. कपात जलद केली तर खर्च आटोक्यात राहतो, पण जास्त कमावण्यात राम उरत नाही. ब्रिटननं 2021 मध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीतली कपात पौंडामागे 63 पेन्सवरून 55 वर आणली ती याचसाठी. आणि दोन योजनांचे 40-40 पैसे एकाच घरात कापले गेले तर रुपयातले 20 पैसेच उरतात. योजना वेगवेगळ्या खात्यांच्या असल्या की ही बेरीज कोणी करत नाही.

अमेरिकेनं 1975 मध्ये उलटी सुरुवात केली: मुलं असलेल्या कमावत्या घराला पहिल्या 4,000 डॉलरपर्यंत दर डॉलरमागे 10 सेंट वर, पुढे 8,000 पर्यंत तेवढ्याच गतीनं कपात. कामाला जोर मिळतो. पण आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नाही, त्यांची सोय वेगळीच करावी लागते.

मुंबईत खरी अडचण मोजण्याची. नाक्यावरच्या बिगाऱ्याची कमाई दर महिन्याला बदलते. महिन्याच्या हिशेबानं मदत बदलली तर जादा दिलेली रक्कम वसूल करत बसावं लागेल. ईएसआय या कामगार विमा योजनेत पगार मधेच मर्यादेबाहेर गेला तरी कामगार सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत योजनेत राहतो. इथेही उत्पन्न सहा महिन्यांनी तपासावं, बदल पुढच्या सहामाहीपासून लावावा आणि मागची वसुली करू नये.