बहाई साधना: कुठून आली, कशी मागे पडली

बहाई धर्माची आपल्याकडची ओळख दिल्लीच्या कमळ मंदिरापुरती, फार तर पाचगणीच्या न्यू एरा शाळेपुरती. विश्वबंधुत्व, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता एवढ्यावर ती थांबते. खुद्द बहाई मंडळींतही एक जुनी कुरकुर आहे, की सभा, योजना, निवडणुका आणि अहवाल यांच्या रगाड्यात ध्यान-प्रार्थना मागे पडली. कुरकुर अगदीच निराधार नाही. पण ज्या धर्माबद्दल ती केली जाते, त्याच्या संस्थापकाने दोन वर्षं दरवेश म्हणून काढली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१८५४ साली हे संस्थापक, बहाउल्ला, बगदादहून कोणालाही न सांगता निघून गेले. ते ज्यांचे अनुयायी होते त्या ‘बाब’ या इराणी धर्मप्रवर्तकांना १८५० मध्ये तबरीझला गोळ्या घातल्या गेल्या होत्या, मागे उरलेल्या बाबी समाजात दुफळी माजली होती आणि तिचं कारण आपण होऊ नये, असं त्यांना वाटत होतं. कुर्दिस्तानातल्या सुलेमानियाच्या परिसरात ते दरवेश महंमद या नावाने राहिले, आधी डोंगरात आणि मग गावातल्या सूफींच्या सहवासात. त्यांच्या हातची एक लिखावट तिथल्या सूफींच्या दृष्टीस पडली आणि हा फकीर साधासुधा नाही, हे त्यांनी ओळखलं. इब्न अल-फारिद या अरबी सूफी कवीच्या प्रसिद्ध दीर्घकाव्याच्या वृत्तात आणि यमकात काव्य रचून दाखवा, अशी गळ त्यांनी घातली. बहाई परंपरा सांगते, की बहाउल्लांनी सुमारे दोन हजार चरण सांगितले आणि त्यांतले १२७ च ठेवू दिले.

१८५६ मध्ये ते बगदादला परतले. पुढच्या काही वर्षांतलं त्यांचं लेखन सरळ सूफी मुशीतलं आहे. ‘सात दऱ्या’ हा ग्रंथ कादिरी पंथाच्या एका सूफीच्या प्रश्नांना उत्तर म्हणून लिहिला गेला. शोध, प्रेम, ज्ञान, ऐक्य, तृप्ती, विस्मय आणि अखेर फकिरी नि शून्यता असा त्यातला प्रवास. टप्पे फारसी सूफी कवी अत्तारच्या पक्ष्यांच्या कथेतलेच, फक्त मधल्या दोघांची जागा बदललेली. त्यात लैलाला धुळीत शोधणारा मजनू भेटतो. ती निर्मळ जीव, आणि तू तिला धुळीत शोधतोस? असं कोणी हटकलं तर तो म्हणतो, मी तिला सगळीकडे शोधतो, कदाचित कुठेतरी सापडेल.

खरा पेच पुढे आहे. १८७३ च्या सुमारास अक्क्याच्या (आजच्या इस्रायलमधल्या) बंदिवासात सिद्ध झालेल्या ‘किताब-ए-अकदस’ या बहाउल्लांच्या नियमग्रंथाने रोजची साधना घालून दिली. तीनपैकी एक नित्य प्रार्थना, सकाळ-संध्याकाळ वचनांचं वाचन, मार्च महिन्यात एकोणीस दिवसांचा उपवास आणि हात-तोंड धुऊन, बसून ‘अल्लाहु अब्हा’ हा ९५ वेळा जप. थकवा येईतो वाचू नका, आनंदाने वाचलेलं एकच वचन बरं, असंही त्यात बजावलं आहे. पण याच ग्रंथाने पुरोहित ठेवला नाही, आणि अंत्यविधीची प्रार्थना सोडली तर सामूहिक नमाजही ठेवली नाही. आपल्याला गूढ ज्ञान आहे म्हणून मिरवणाऱ्यांवर त्यात कडक ताशेरे आहेत. संन्यास आणि मठवासही या धर्मात नाही. थोडक्यात, सूफी अनुभव घेतला आणि तो ज्या पीर-मुरीद, म्हणजे गुरू-शिष्य, परंपरेत जगतो ती बाजूला ठेवली. आता गुरू नाही, आश्रम नाही, सांभाळायचं ते ज्याचं त्याने. माझ्या मते पुढची सगळी ओढाताण या निर्णयात आहे. समित्यांना दोष देणं सोपं, पण समित्या आल्या नसत्या तरी हा प्रश्न उभा राहिलाच असता.

या कथेत मुंबईची जागा मोठी आहे. १८७० च्या दशकात बहाउल्लांनी हिंदुस्थानात पाठवलेले जमाल एफेंदी सूफी दरवेशाच्या वेशात फिरत. बाबांच्या आजोळच्या व्यापारी कुटुंबाची मुंबईत पेढी होती आणि छापखानाही. ‘अकदस’ पहिल्यांदा छापला गेला तोही मुंबईत, १८९०-९१ साली. त्या काळात इराणात ही पुस्तकं उघडपणे छापणं शक्यच नव्हतं.

गुरूविना सामूहिक भक्ती कशी चालेल, याचं उत्तर म्हणून बहाउल्लांनी मश्रिकुल अजकार सुचवला होता: पहाटे नामस्मरणासाठी जमायची वास्तू, भोवती शाळा, दवाखाना वगैरे. असा पहिला आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या अश्काबादमध्ये उभा राहिला, १९०२ पासून. तिथल्या इराणी बहाईंची वस्ती पहाटे प्रार्थनेला जाई आणि मग दुकानं उघडी. सोव्हिएत सरकारने तो ताब्यात घेतला, १९४८ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला आणि १९६३ मध्ये पाडला गेला. भक्ती आणि रोजचा व्यवहार एकत्र नांदण्याचा हा नमुना गेला, आणि दुसरा लगेच उभा राहिला नाही.

१९२१ मध्ये बहाउल्लांचे पुत्र आणि वारस अब्दुल बहा वारले. त्यांच्यामागून धुरा सांभाळणारे त्यांचे नातू शोघी एफेंदी यांच्या छत्तीस वर्षांत निवडून आलेल्या मंडळांची रचना बांधली गेली, देशोदेशी प्रचारक गेले. सगळी शक्ती तिकडे लागली. त्यांना धोका दिसत नव्हता असं नाही. १९३५ च्या डिसेंबरात त्यांच्या वतीने लिहिलेल्या एका पत्रात स्पष्ट म्हटलं आहे, की धर्माचा गाभा माणसाला ईश्वराशी जोडणारी गूढ भावना हाच आहे आणि ती नसेल तर धर्म नुसती संघटना होऊन बसतो. पत्र उद्धृत पुष्कळ झालं.

भारतात १९६१ नंतर माळव्याच्या खेड्यांत हजारो लोक बहाई झाले. तिथे लोकांनी आपल्या चालीवर बहाई भजनं रचली. कोणी ठरवून दिलेली योजना नव्हती, आणि मला तर या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत जिवंत वाटतो.

ठरवून केलेले प्रयत्न नव्वदच्या दशकात सुरू झाले. ‘अकदस’चं अधिकृत इंग्रजी भाषांतर १९९२ मध्ये आलं. तोवर पाश्चात्त्य बहाईंना जपासारखे काही नियम लागूच नव्हते. २८ डिसेंबर १९९९ च्या पत्राने विश्व न्याय मंदिराने, म्हणजे बहाईंच्या निवडून आलेल्या सर्वोच्च मंडळाने, नित्य प्रार्थना, उपवास आणि ९५ जपाचे नियम सर्वांना सारखे लागू केले. कोलंबियात तयार झालेले रूही अभ्यासवर्ग १९९६ नंतर जगभर गेले, आणि घरोघरी प्रार्थनासभा हे कामाचं मुख्य अंग ठरलं. त्या सगळ्यांना खुल्या असतात, शेजाऱ्यालाही. त्यांतही संख्या मोजण्याची सवय शिरली, ही टीका मात्र आतूनच होते आणि ती ऐकण्यासारखी आहे.

२०१२ मध्ये पाच गावा-भागांत स्थानिक मंदिरं बांधायचं जाहीर झालं: कंबोडियातलं बट्टंबांग, केनियातलं मटुंडा सोय, कोलंबियातलं नॉर्ते देल काउका, वानुआतूतलं तान्ना आणि आपल्याकडे बिहारशरीफ. बट्टंबांगचं २०१७ मध्ये खुलं झालं. या मंदिरांत प्रवचन होत नाही, वाद्यं वाजत नाहीत. धर्मग्रंथ वाचले-गायले जातात, बाकी वेळ ज्याने त्याने मौनात बसायचं.