शिट्टी झाली, घड्याळ कधी थांबलं?

"सर, शिट्टी आधी झाली होती."

नववीतला मुलगा टेबलाजवळ येऊन एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. नागपुरातल्या एका शालेय बास्केटबॉल स्पर्धेचा सामना होता, डिसेंबरची संध्याकाळ, सिमेंटचं कोर्ट, आणि टेबलावर टायमर म्हणून मी बसलो होतो. त्याचा संघ एका गुणाने मागे होता. दूरच्या कोपऱ्यात चेंडू रेषेबाहेर गेला, रेफ्रीने शिट्टी मारली, मी बटण दाबलं. फलकावर ०.२ सेकंद उरले. मुलाचं म्हणणं होतं, शिट्टी झाली तेव्हा त्याने फलकावर ०.५ पाहिले होते.

ज्याने बास्केटबॉल खेळलेला नाही त्याला हा फरक हास्यास्पद वाटेल. पण नियम असा आहे, की थ्रो-इनचा, म्हणजे रेषेबाहेरून आत फेकलेला, चेंडू हातात पकडून मग बास्केटकडे फेकायचा असेल, तर घड्याळात किमान ०.३ सेकंद हवेत. ०.२ किंवा ०.१ उरले असतील तर चेंडू पकडता येत नाही. उडी मारून तो हवेतल्या हवेत टोलवायचा किंवा थेट रिंगमध्ये घालायचा, एवढाच पर्याय. म्हणजे माझ्या अंगठ्याने त्या मुलांचा शेवटचा शॉटच काढून घेतला होता. ते हरले. तो मुलगा मला अजून आठवतो, आणि त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो.

मी हयगय केली नव्हती. अंगठा बटणावर होता, नजर रेफ्रीवर होती. मग ते ०.३ सेकंद गेले कुठे?

पहिला वाटा हवेचा. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं, टेबल लांब बाजूच्या मध्यावर. तिथून समोरचा कोपरा वीसेक मीटर पडतो. हवेचं तापमान २० अंश असेल तर ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे शिट्टी माझ्या कानापर्यंत पोहोचायलाच सुमारे ०.०६ सेकंद लागले. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांना, ध्वनीचा वेग ३५७ मीटरच्या पुढे जातो. पण तेवढ्याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

दुसरा वाटा शरीराचा, आणि तो मोठा. कानाचा पडदा हलणं, मज्जातंतूंमधून संदेश मेंदूत जाणं, तिथून अंगठ्याच्या स्नायूंना हुकूम सुटणं, याला तयारीत बसलेल्या माणसालाही ०.१५ सेकंद लागतात. धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीच्या बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत कोणी पाय हलवला तर तो चुकीचा प्रारंभ धरतात, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर कोणी निघू शकत नाही असं मानलं गेलंय. धावपटूला निदान बंदूक आता वाजणार हे ठाऊक असतं. टायमरला शिट्टी कधी होईल याची कल्पना नसते, आजूबाजूला आरडाओरडा असतो, आणि ०.१५ चे ०.२ सहज होतात. दोन्ही वाटे मिळून पाव सेकंद झाला. मुलगा खरं बोलत होता, असं मी आता धरून चालतो.

यावर एक जुना युक्तिवाद ऐकायला मिळतो. टायमर घड्याळ थांबवताना उशीर करतो तसा सुरू करतानाही करतो, मग दोन्ही उशीर एकमेकांना खाऊन टाकतात! वरवर पाहता हे बरोबर आहे. ०.२ सेकंद उशिरा सुरू केलं आणि ०.२ सेकंद उशिरा थांबवलं, तर मधला खेळ बरोबर मोजला जातो. पण दोन्ही उशीर सारखे नसतात. थ्रो-इनचा चेंडू खेळाडूच्या हाताकडे येताना आपल्याला दिसत असतो. अंगठा आधीच सावध होतो, स्पर्शाच्या क्षणालाच दाबला जातो, कधी तर जरा आधीही. शिट्टी मात्र अचानक येते. सुरुवात वेळेवर आणि थांबणं उशिरा, असं झालं की प्रत्येक शिट्टीला खेळाचा थोडा वेळ गळतो. सामन्यात समजा ४० वेळा घड्याळ थांबलं आणि प्रत्येक वेळी ०.२ सेकंद गेले, तर ८ सेकंद झाले. आठ सेकंदांत एक अख्खी चढाई बसते. शिवाय चाळीस वेळांची गोळाबेरीज जुळली तरी शेवटच्या एका शिट्टीला सरासरीचा काही उपयोग नसतो.

उलट बाजूचा प्रसिद्ध दाखला न्यू यॉर्कचा आहे. १५ जानेवारी १९९० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर न्यू यॉर्क निक्स आणि शिकागो बुल्स १०६-१०६ अशा बरोबरीत होते आणि घड्याळात ०.१ सेकंद उरला होता. निक्सच्या ट्रेंट टकरने थ्रो-इन पकडला, वळला आणि तीन गुणांचा शॉट मारला. बास्केट झाली आणि ती मान्यही झाली. ०.१ सेकंदात चेंडू पकडून, वळून फेकणं माणसाला शक्य नाही, घड्याळ उशिरा सुरू झालं होतं. त्यानंतरच ०.३ सेकंदांचा तो नियम आला. पण नियमामुळे निव्वळ अशक्य शॉट बंद झाले. अंगठ्याचा उशीर तसाच राहिला.

हा उशीर काढायचा तर माणसाचा कान आणि अंगठा मधून काढायला हवा. शिट्टी यंत्रानेच ऐकायची आणि घड्याळ तिथल्या तिथे थांबवायचं. त्यासाठी आधी शिट्टी म्हणजे काय ते नीट पाहू.

जुनी शिट्टी सगळ्यांनी हातात घेतलेली असते. आत एक छोटी गोळी, फुंकली की किर्रर्र वाजते. तोंडातून आलेला हवेचा पातळ झोत खाचेच्या धारेवर आदळतो, क्षणात आत आणि क्षणात बाहेर झुलतो, आणि पोकळीतली हवा त्या तालावर कंप पावते. गोळी गरगर फिरत भोक अर्धवट झाकते-उघडते, म्हणून आवाज थरथरतो. पण थंडीत, थुंकीने किंवा फार जोरात फुंकल्याने ती गोळी अडकते. कॅनडाचे रेफ्री रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी १९८४ मध्ये ब्राझीलमधल्या एका सामन्यात अशीच ऐन वेळी मुकी झाली. त्यातून त्यांनी गोळी नसलेली शिट्टी घडवून घेतली आणि ती १९८७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत वापरली गेली. आज बहुतेक रेफ्रींच्या गळ्यात त्याच घराण्यातली शिट्टी दिसते. तिच्यात गोळीऐवजी किंचित वेगवेगळ्या लांबीच्या तीन पोकळ्या असतात आणि त्यांतून तीन जवळजवळचे सूर एकदम निघतात. एक सूर सेकंदाला ३४०० कंपनांचा आणि दुसरा ३५०० चा असेल, तर दोघांच्या मिश्रणात सेकंदाला १०० ठोके पडतात. हार्मोनियमच्या दोन बेसूर पट्ट्या एकत्र दाबल्या की जसा आवाज डुलतो, तसंच हे, फक्त कितीतरी वेगाने.

शिट्टीचा सूर साधारण ३००० ते ४००० कंपनांच्या घरात का असतो, याचं उत्तर मला फार आवडतं. एका बाजूने बंद असलेल्या अडीच सेंटिमीटरच्या नळीत हवेची नैसर्गिक कंपनसंख्या ३४०० च्या आसपास येते. शिट्टीच्या पोकळ्या साधारण याच मापाच्या. आणि आपल्या कानात पडद्यापर्यंत जाणारी नळीसुद्धा सुमारे अडीच सेंटिमीटरचीच आहे! म्हणून शिट्टी वाजली की कानाची नळी तिच्याबरोबर घुमते आणि गोंगाटातही ती टोचल्यासारखी ऐकू येते.

यंत्राला असा कान नसतो. मायक्रोफोनमधून त्याला फक्त आकड्यांची रांग मिळते, समजा सेकंदाला १६,००० आकडे. त्यातले २५६ घ्यायचे, म्हणजे ०.०१६ सेकंदाचा तुकडा, आणि त्यात कोणती कंपनसंख्या किती आहे ते वेगळं करायचं. घरात रवा, कणीक आणि डाळ वेगवेगळ्या चाळण्यांतून काढतात, तसंच. हे झपाट्याने करण्याची गणिती रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडली. मोजकेच सूर तपासायचे असतील तर गर्ट्झेल यांची १९५८ ची त्याहून हलकी रीत आहे. बटणांच्या फोनमध्ये कोणता आकडा दाबला ते तिनेच ओळखतात. साध्या चिपलाही ती पेलते.

पण शिट्टीच्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात आवाज दिसला म्हणजे शिट्टीच झाली, असं नाही. मानकापूरच्या क्रीडा संकुलासारख्या बंद हॉलमध्ये लाकडी जमिनीवर बूट घासला की जी चीं होते, ती याच परिसरातली. ताशाची काडी सगळ्याच कंपनसंख्या एकदम उधळते. घरी कुकरची शिट्टी फोनच्या ध्वनी-आलेखात पाहिली, तर टोकदार रेघ येण्याऐवजी रुंद पट्टा पसरलेला दिसतो, कारण ती मुख्यतः वाफेचा फूत्कार असते. रेफ्रीच्या शिट्टीची रेघ मात्र बारीक, उंच आणि टिकून राहणारी. म्हणून यंत्र तीन गोष्टी पाहतं: ऊर्जा त्या अरुंद पट्ट्यातच एकवटली आहे का, ती सलग तीन-चार तुकडे टिकली का, आणि सुराला तो ठरावीक थरथराट आहे का. बुटाची चीं क्षणात घसरते, ताशा क्षणात विरतो.

इथे मनात शंका येईल, की तीन-चार तुकडे थांबायचं म्हणजे पुन्हा ०.०५ सेकंदाचा उशीर झालाच की. पण खात्री पटल्यावर यंत्राला मागे जाता येतं. शिट्टी नेमकी कोणत्या तुकड्यात सुरू झाली हे त्याच्याजवळ लिहिलेलं असतं. तेवढा वेळ घड्याळात परत भरला की झालं. मला अंगठ्याने असं कधीच करता आलं नसतं, कारण माझा उशीर किती झाला हे मलाच माहीत नसतं.

सगळ्यात अवघड नकलाकार निघतात ते आपले प्रेक्षक. दोन बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी रेफ्रीच्या शिट्टीच्या इतकी जवळ जाते की नुसत्या सुरावरून ओळखणं धोक्याचं. आणि शिवाजीनगर म्हणा, धरमपेठ म्हणा, अंतिम सामन्याला अशा शिट्ट्यांची काय कमी? त्यात शेजारच्या कोर्टवर दुसरा सामना चालू असतो, तिथला रेफ्री तर खरीच शिट्टी वाजवत असतो.

यावरचा उपाय गणितात सापडला नाही, तो सापडला मायक्रोफोनच्या जागेत. अमेरिकेतले बास्केटबॉल रेफ्री माइक कोस्टाबिले यांनी तयार केलेल्या आणि एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये गेली वीसहून अधिक वर्षं वापरात असलेल्या व्यवस्थेत प्रत्येक रेफ्रीच्या कमरेला एक छोटी डबी असते आणि मायक्रोफोन त्याच्या अंगावरच लावलेला असतो. शिट्टी तिथेच ओळखली जाते आणि रेडिओ संदेश टेबलावरच्या घड्याळाला जातो. रेडिओलहरींना कोर्ट ओलांडायला सेकंदाचा एक कोटीवा भागही पुरतो. तीन रेफ्रींपैकी ज्याचा संदेश आधी पोहोचेल, त्याने घड्याळ थांबतं.

अंगावरच्या मायक्रोफोनचा फायदा साध्या हिशेबात दिसतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. रेफ्रीची स्वतःची शिट्टी मायक्रोफोनपासून अर्ध्या मीटरवर आहे, शेजारच्या कोर्टवरची १६ मीटरवर. अर्ध्याचे सोळा होईपर्यंत अंतर पाच वेळा दुप्पट होतं, म्हणजे ३० डेसिबल, म्हणजे ऊर्जेत हजारपट फरक. इतका फरक असला की यंत्राला फार हुशारी लागत नाही. हॉलमधला प्रतिध्वनीही याच कारणाने मागे पडतो. आणि मी कोपऱ्यातली शिट्टी ऐकताना गमावलेले ते ०.०६ सेकंद ०.००२ च्या आत येतात. मला विचाराल तर या सगळ्या शोधातली खरी सूज्ञ गोष्ट हीच आहे. बहुतेक जण टेबलावर एक मोठा मायक्रोफोन ठेवून मग गोंगाटाशी झुंजत बसतील.

संवेदनशीलता किती ठेवायची, हा प्रश्न उरतोच. फार ठेवली तर शिट्टी नसतानाही घड्याळ थांबतं, कमी ठेवली तर हळू वाजलेली शिट्टी निसटते. शिट्टीचा सूरही फुंकीच्या जोराप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे सरकतो. डिसेंबरच्या १० अंशांपासून मेच्या ४५ अंशांपर्यंत हवेतला ध्वनीचा वेग सहा टक्क्यांनी वाढतो आणि सूर तितकाच चढायला हवा. आत रेफ्रीचा कोमट श्वास असल्यामुळे प्रत्यक्षात तो कमी चढतो, तरी पट्टा जरा रुंदच ठेवावा लागतो. म्हणून अशी व्यवस्था असली तरी टेबलावर टायमर बसतोच आणि शिट्टीला तोही बटण दाबतो.

आपल्याकडे शालेय सामन्यांना असं यंत्र नाही, पण निदान उशीर मोजणं कोणालाही जमेल. टेबलावर फोन ध्वनिमुद्रणाला लावून ठेवा आणि खटका ऐकू येईल असं स्टॉपवॉच वापरा. नंतर आलेखात शिट्टीची सुरुवात आणि खटका यांमधलं अंतर सरळ दिसतं. मी हे सरावाच्या सामन्यांत केलं. कुठे पाव सेकंद, कुठे जरा कमी, आणि संध्याकाळी दमल्यावर त्याहून जास्त. खो-खोच्या पंचांनाही मी हे सुचवलं आहे. तिथे गडी किती वेळ पळाला हीच त्याची कमाई, आणि ती बाद झाल्याच्या शिट्टीवरूनच लिहिली जाते.

घड्याळ सुरू करण्याचं काम मात्र शिट्टीवर सोपवता येत नाही. थ्रो-इनचा चेंडू मैदानातल्या खेळाडूला लागतो तेव्हा घड्याळ सुरू व्हायचं असतं, आणि त्या क्षणी शिट्टी नसते. एनबीएचा रेफ्री त्यासाठी कमरेच्या डबीवरचं बटण दाबतो. त्याची नजर चेंडूवर असते, चेंडू हाताला लागताना तो दोन-तीन मीटरवरून पाहत असतो, आणि बोट तयार असतं. आमच्या कोर्टवर तोच रेफ्री वर धरलेला हात खाली आणतो आणि टेबलावर आम्ही तो हात पाहत बसलेले असतो.