कर्णबधिर स्पर्धकांसाठी मोटर रेसिंगचं लायसन्स: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

ऐकू येत नसलं तरी मोटर रेसिंगचं लायसन्स काढता येतं. हे सुरुवातीलाच लिहितोय, कारण बरेच जण फॉर्म भरताना 'श्रवणदोष आहे का' या रकान्यापाशी थबकतात आणि तिथूनच माघारी फिरतात. त्या रकान्यात 'होय' लिहिल्याने अर्ज आपोआप बाद होत नाही. 'होय' लिहिल्यावर सोबत काय जोडायचं हे कोणी सांगत नाही, आणि अपुरा अर्ज टेबलावर पडून राहतो. खरी अडचण ही आहे.

आपण पहिलेच आहोत असं वाटत असेल तर दोन नावं लक्षात ठेवा. किटी ओ'नील तान्ही असतानाच आजारपणात कर्णबधिर झाली. ६ डिसेंबर १९७६ रोजी तिने अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या अल्वर्ड वाळवंटात तीन चाकी रॉकेट कार ताशी सुमारे ८२५ किलोमीटर या सरासरी वेगाने पळवली. महिलांचा जमिनीवरच्या वेगाचा तो विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. दुसरी ॲशली फिओलेक. ती जन्मापासून कर्णबधिर आहे. २००८, २००९, २०११ आणि २०१२ अशी चार वर्षं ती अमेरिकेतल्या महिला मोटोक्रॉसची (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत) विजेती होती.

अर्ज कुणाकडे करायचा

चारचाकी आणि कार्टिंगचे (छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतीचे) आंतरराष्ट्रीय नियम एफआयए ही जागतिक संघटना ठरवते, दुचाकीचे एफआयएम ही संघटना. पण व्यक्तीने अर्ज करायचा तो थेट यांच्याकडे नाही. प्रत्येक देशात या संस्थांनी मान्यता दिलेली राष्ट्रीय संस्था असते आणि लायसन्स तीच देते. सुरुवात राष्ट्रीय किंवा क्लब पातळीच्या लायसन्सने होते. तिथले निकाल दाखवून पुढे आंतरराष्ट्रीय लायसन्सच्या पायऱ्या चढायच्या.

कुठला प्रकार निवडायचा याचा विचार अर्जाआधीच करा. रॅलीत दोन टप्प्यांच्या मधला प्रवास सार्वजनिक रस्त्यावरून होतो, त्यामुळे रस्त्यावरचं साधं ड्रायव्हिंग लायसन्स लागतंच. शिवाय सगळी रॅली सहचालक वाचून दाखवतो त्या पेस नोट्सवर, म्हणजे पुढच्या वळणांच्या टिपांवर, चालते. सर्किट, कार्टिंग आणि मोटोक्रॉसमध्ये हे दोन्ही प्रश्न येत नाहीत. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांनी कार्टिंगपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. तिथे झेंडे वाचायची सवय लागते, आणि पुढच्या अर्जात दाखवायला अनुभवही जमा होतो.

वैद्यकीय पात्रता

एफआयएमच्या वैद्यकीय नियमांत हा मुद्दा थेट लिहिलेला आहे. श्रवणदोष असलेल्या व्यक्तीला लायसन्स देता येतं, मात्र शरीराचा तोल बिघडलेल्या व्यक्तीला देता येत नाही. स्पर्धकाला ऐकू येत नाही हे रेसच्या मुख्य अधिकाऱ्याला आधी कळवलेलं असावं लागतं, आणि स्पर्धेपूर्वीच्या ब्रीफिंगला त्याच्यासोबत नीट ऐकू येणारी, त्याच्याशी संवाद साधू शकणारी व्यक्ती असावी लागते. तुमची राष्ट्रीय संस्था याबाबत अनभिज्ञ असेल तर हा नियम छापून अर्जाला जोडा.

एफआयएच्या नियमांत मोठा भर डोळ्यांवर आहे. चष्मा किंवा लेन्स लावून प्रत्येक डोळ्याची दृष्टी किमान ९/१०, किंवा एकाची ८/१० आणि दुसऱ्याची १०/१० हवी. दृष्टीचा पल्ला किमान १२० अंश हवा. रंग ओळखण्यासाठी इशिहारा तक्ते (रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले) दाखवतात. त्यात चूक झाली तर पुढची चाचणी होते, पण झेंड्याचा रंग चुकीचा दिसण्याची शक्यता अजिबात असता कामा नये.

आता डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी स्वतःहून विचारा, कारण जन्मतः ऐकू न येण्यासोबत कधीकधी दुसरंही काही दडलेलं असतं. पहिली गोष्ट तोल. ऐकण्याचा आणि तोलाचा अवयव आतल्या कानात एकमेकांना लागूनच आहे, त्यामुळे अनेक कर्णबधिरांचा तोलही थोडा कमकुवत असतो. डोळे उघडे असताना ते जाणवत नाही, डोळे मिटून उभं राहिलं की कळतं. दोन्ही कानांचं हे काम पूर्ण थांबलं असेल तर गाडी दणके खात असताना नजरेसमोरचं दृश्य हलतं, आणि ट्रॅकवर ते धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट अशर सिंड्रोम. यात जन्मापासून ऐकू कमी येतं आणि दृष्टीचा पल्ला वर्षागणिक कडेकडून आक्रसत जातो. सुरुवातीला फक्त रात्री दिसायला त्रास होतो, म्हणून दुर्लक्ष होतं. पल्ल्याची तपासणी यंत्रावर करून घ्या. डॉक्टरांनी समोर बोट हलवून केलेल्या तपासणीवर भागवू नका.

तिसरी गोष्ट दुर्मीळ, पण जिवावरची. जर्व्हेल आणि लँग-नीलसन सिंड्रोममध्ये जन्मजात बहिरेपणासोबत हृदयाच्या विद्युत प्रवाहात दोष असतो, आणि अचानक हृदय थांबून मृत्यू येऊ शकतो. साध्या ईसीजीत क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यातला एक ठरावीक कालावधी) लांबलेलं दिसलं की संशय येतो. जन्मापासून ऐकू येत नसेल आणि आयुष्यात एकदाही ईसीजी काढला नसेल, तर लायसन्सचं राहू द्या बाजूला, तो आधी काढून घ्या.

कागदपत्रं

ओळखपत्र, वयाचा पुरावा, फोटो, क्लबचं सदस्यत्व, अल्पवयीन असल्यास पालकांची संमती, संस्थेच्या छापील नमुन्यातला वैद्यकीय दाखला हे सगळ्यांनाच लागतं. त्यावर वेळ घालवत नाही.

तुमच्यासाठी जास्तीचा पहिला कागद म्हणजे ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं ते दाखवणारा तपासणीचा आलेख. तो ताजा हवा, दोन्ही कानांचा वेगळा हवा, आणि श्रवणयंत्र वापरत असाल तर यंत्रासह आणि यंत्राविना असे दोन्ही आकडे हवेत. दुसरा कागद कान-नाक-घसा तज्ज्ञांचं पत्र. इथेच बहुतेक अर्ज लंगडे पडतात. 'रुग्णास दोन्ही कानांनी ऐकू येत नाही' एवढ्या एका ओळीने वैद्यकीय समितीला काहीच कळत नाही. पत्रात कारण माहीत असल्यास कारण, दोष स्थिर आहे की वाढतोय, चक्कर येण्याचा इतिहास आहे का, आणि तोलाची तपासणी कोणत्या तारखेला केली व निकाल काय आला, हे सारं हवं. डॉक्टरांना रेसिंगची माहिती असेलच असं नाही. हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं लिहून घ्या.

तिसरा नेत्रतज्ज्ञांचा दाखला: दृष्टी, पल्ला आणि रंग यांच्या निकालांसह. चौथा, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) असेल तर त्याचं कंपनीने दिलेलं कार्ड, मॉडेलच्या नावासह. पाचवा कागद तुम्ही स्वतः लिहायचा आहे. माझ्या मते संपूर्ण अर्जात त्याचंच वजन सर्वांत जास्त असतं.

संवादाची योजना

समितीसमोरचा प्रश्न 'याला ऐकू येतं का' हा नसतोच. ऑडिओग्राम बघून ते कळलेलं असतं. पुढे गाडी आडवी झाली आहे हे याला कसं कळेल, हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर दोन पानांत, मुद्देसूद लिहून द्या.

या उत्तराला भक्कम आधार आहे, कारण ट्रॅकवरची भाषा मुळात डोळ्यांची आहे. इंजिनांच्या गोंगाटात ओरडून कुणालाच काही सांगता येत नाही, म्हणून झेंडे आले. एफआयएच्या नियमांनुसार साधा झेंडा किमान ६० बाय ८० सेंटिमीटरचा असतो. लाल आणि चौकटीचा किमान ८० बाय १०० सेंटिमीटरचा. दोन मार्शल पोस्टमधलं (झेंडे दाखवणारे जिथे उभे असतात त्या ठिकाणांमधलं) अंतर ५०० मीटरपेक्षा जास्त नसावं लागतं. काळ्या झेंड्यासोबत ज्याला थांबवायचं त्याचा नंबर फलकावर दाखवतात. रेस सुरू होण्याआधी पाच मिनिटं, तीन मिनिटं, एक मिनिट, पंधरा सेकंद असे इशारे असतात. त्यांच्यासोबत भोंगा वाजतो, पण फलकही दाखवलाच जातो. शेवटी पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि एकदम विझतात. ते विझले की गाड्या सुटतात. त्या क्षणी ग्रिडवरचे (सुरुवातीच्या रांगांमधले) सगळेच चालक फक्त दिव्यांकडे बघत असतात.

योजनेत लिहा: इंजिनचे आवर्तन तुम्ही कसे ओळखता (सीट आणि स्टिअरिंगमधलं कंपन, आरपीएमचा काटा, गिअर बदलण्याचे दिवे), मागून येणारी गाडी कशी बघता (आरसे, आणि दर सरळ पट्ट्यावर एकदा नजर टाकण्याची लावून घेतलेली सवय), पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारी तुमचा संघ थांबतो तिथून, निरोप कसा घेता (पिट बोर्ड, म्हणजे ट्रॅकच्या कडेने दाखवलेला फलक). आवाजाऐवजी डॅशबोर्डवर जास्तीचा दिवा बसवायचा असेल तर तेही आधीच नमूद करा. गाडीत बदल करून चालवणाऱ्या दिव्यांग चालकांना एफआयएचं सर्टिफिकेट ऑफ अडॅप्टेशन्स (त्या बदलांचा दाखला) लागतं. केवळ ऐकू येत नसेल आणि गाडी जशीच्या तशी असेल तर त्याची गरज साधारणपणे पडत नाही. तरी जास्तीचा दिवा चालेल का, हे राष्ट्रीय संस्थेकडून लेखी घ्या.

अपघातानंतरचा भाग विसरू नका. हेल्मेट घातलेल्या, न बोलणाऱ्या चालकाकडे बचाव पथक धावत येतं, प्रश्न विचारतं आणि उत्तर मिळत नाही. हा शुद्धीवर नाही, असं ते धरून चालतात. म्हणून 'चालकाला ऐकू येत नाही' अशी पट्टी गाडीवर आणि हेल्मेटवर लावण्याची परवानगी मागा. अंगठा वर म्हणजे ठीक, मानेकडे बोट म्हणजे मान दुखतेय, अशा चार-पाच खुणा वैद्यकीय प्रमुखाशी आधीच ठरवा आणि त्याचा कागद पथकाकडे द्या.

चाचणी आणि ब्रीफिंग

लायसन्सच्या लेखी चाचणीत झेंडे आणि नियम विचारतात. तोंडी सूचना लिहून मिळाव्यात किंवा साईन लँग्वेजचा दुभाषी मिळावा, ही मागणी अर्जासोबतच करा. ऐनवेळी केली तर दुभाषी मिळत नाही. प्रत्यक्ष चाचणीत प्रशिक्षक शेजारी बसून बोलत राहतो. त्याच्याशी गाडी उभी असतानाच खुणा ठरवा: तळहात खाली म्हणजे वेग कमी, खांद्यावर एक थाप म्हणजे ही फेरी संपली की पिटमध्ये.

ब्रीफिंगचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. अधिकारी हातातल्या कागदाकडे बघत, मान खाली घालून वाचतायत. मग फळ्याकडे वळून, पाठ करून, तिसऱ्या वळणावर सांडलेल्या तेलाबद्दल सांगतायत. ओठांवरून वाचणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही. त्यामुळे ब्रीफिंगचे लेखी मुद्दे आदल्या दिवशी मागा. सोबतच्या व्यक्तीला अधिकाऱ्याच्या शेजारी उभं करा, म्हणजे दोघंही एकाच नजरेत येतील. न कळलेलं तिथल्या तिथे विचारा. त्यात संकोच नको.

श्रवणयंत्र, इम्प्लांट आणि औषधं

हेल्मेटमध्ये उत्पादकाने परवानगी दिलेल्या बदलांखेरीज काहीही बदल करता येत नाही. यंत्रासाठी आतला फोम कोरला तर तपासणीत हेल्मेट बाद होईल. कानामागचं यंत्र हेल्मेट आणि कवटी यांच्यात कडक प्लास्टिकचा तुकडा बनून राहतं, त्यामुळे आदळल्यावर इजा होऊ शकते. यंत्र काढून चालवणंच बरं, आणि संवादाची योजना तेच गृहीत धरून लिहा. कॉक्लियर इम्प्लांटचा बाहेरचा भाग काढला तरी आतलं चुंबक राहतंच. अपघातानंतर एमआरआय करायचा झाल्यास मॉडेलनुसार खबरदारी घ्यावी लागते. इम्प्लांटची नोंद वैद्यकीय कार्डवर ठळक करून घ्या, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांची रेसिंगसाठी लेखी संमती घ्या.

कानाची औषधं डोपिंगच्या यादीत सापडू शकतात. अचानक ऐकू येईनासं झालं तर स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देतात, आणि स्पर्धेच्या काळात त्यांना बंदी आहे. मेनियरच्या आजारात (आतल्या कानाचा, चक्कर आणणारा आजार) कधीकधी लघवी वाढवणारी औषधं देतात, त्यांच्यावर तर कायमच बंदी आहे. उपचार थांबवू नका. उपचारासाठी सूट मिळवण्याचा अर्ज वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून भरून घेऊन वेळेत द्या.

नकार आला तर

एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार निकषांत न बसणाऱ्याला लायसन्स नाकारता येतं, पण नकाराची कारणं देणं बंधनकारक आहे. फोनवर 'तुम्हाला जमणार नाही' एवढंच ऐकवलं गेलं असेल तर तो निर्णय मानू नका. कोणत्या कलमाखाली, कोणत्या तपासणीच्या आधारावर नाकारलं, हे लेखी मागा. कारण तोलाचं किंवा दृष्टीचं असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्या. निकाल तोच आला तर तो मान्य करा, कारण ट्रॅकवर तुमच्यासोबत इतरांचाही जीव असतो. कारण फक्त 'ऐकू येत नाही' एवढंच असेल तर निरीक्षकांसमोर ट्रॅकवर चालवून दाखवण्याची संधी आणि अपिलाची मुदत, दोन्ही लेखी विचारा. काही वेळा पहिल्या वर्षी अटी घालून लायसन्स घेणं शहाणपणाचं ठरतं: एकट्याने सराव, मग मोजक्या गाड्यांसोबत, मग पूर्ण ग्रिड.

लायसन्सची मुदत संस्थेने वेगळं काही ठरवलं नसेल तर ३१ डिसेंबरला संपते. नूतनीकरणाला वैद्यकीय दाखला पुन्हा लागतो. ऑडिओग्राम आणि दृष्टीच्या पल्ल्याची तपासणी नोव्हेंबरमध्येच उरकून घ्या, आणि गेल्या वर्षीच्या संवादाच्या योजनेत ट्रॅकवर जे उपयोगी पडलं नाही ते खोडून नवी प्रत जोडा.