बिल्ड टूल बदलायच्या आधी: मेकपासून मेसॉनपर्यंतची पार्श्वभूमी

आमच्या फॉन्ट कन्व्हर्टरचं बिल्ड टूल, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवून देणारं साधन, बदलायचं चाललंय, मेक आणि त्याची मेकफाईल (काय कशातून बनवायचं ते लिहिलेली फाईल) सोडून मेसॉन घ्यायचं. जुन्या फॉन्टात टाईप केलेला मराठी आणि कोकणी मजकूर युनिकोडमधे आणणारं हे छोटंसं सी प्लस प्लसचं काम, गोव्यातल्या डिचोली, फोंडा, मडगावची आम्ही पाच-सहा जणं सुट्टीच्या वेळात करतो. चालतंय ते कशाला बदलता, असं दोघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

मेक १९७६चं. बेल लॅब्समधे स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे याक हे प्रोग्रामिंगचं टूल लिहिणारा, एकदा अख्खी सकाळ एक बग शोधत बसला, आणि शेवटी कळलं की बग कधीच दुरुस्त झालाय, फक्त ती फाईल परत कंपाईलच, म्हणजे मशीनच्या भाषेत रूपांतरितच, झाली नव्हती. तो वैतागून स्टुअर्ट फेल्डमनकडे गेला आणि फेल्डमनने मेक लिहिलं. कल्पना एकदम साधी, फाईल शेवटची कधी बदलली ते बघायचं, सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेली फाईल, नवी आणि त्यातून बनलेली फाईल जुनी असेल तर तेवढीच परत बनवायची. २००३ साली या कामासाठी फेल्डमनला एसीएम या संगणकक्षेत्रातल्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

आता टॅबची गोष्ट. मेकफाईलमधे कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, हे फेल्डमनने पहिल्याच घाईत ठरवलेलं. काही आठवड्यांत डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरायला लागले, त्यांच्या फाईली मोडायला नकोत म्हणून ते तसंच राहिलं.

आणि ते आमच्यापर्यंत येऊन पोचलं. गेल्या चवथीच्या सुट्टीत फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारी एक मुलगी कामात यायला तयार झाली, मी तिला मेकफाईल व्हॉट्सॲपवर मेसेजमधेच पेस्ट करून पाठवली, त्यात टॅबच्या जागी स्पेस आले आणि स्क्रीनवर "मिसिंग सेपरेटर. स्टॉप." एवढंच. दोन संध्याकाळी गेल्या तिच्या. आपलंच सी प्लस प्लस कच्चं आहे असं तिला वाटत राहिलं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिच्या कोडची एक ओळसुद्धा अजून कंपायलरपर्यंत गेली नव्हती.

पुढे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टमच इतक्या प्रकारची झाली की एकाच मेकफाईलने सगळीकडे भागेना. म्हणून १९९१मधे डेव्हिड मॅकेन्झीने ऑटोकॉन्फ काढलं, हेडर आहे का, फंक्शन आहे का, हे मशीनलाच विचारून मेकफाईल तयार करणारी कन्फिगर स्क्रिप्ट. त्या काळाला ते औषध बरोबर होतं. पण ती स्क्रिप्ट हजारो ओळींची, एम४ नावाच्या भाषेतल्या मॅक्रोंमधून बनलेली, कोण वाचणार? २०२४च्या मार्चमधे एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या टूलमधे लपवलेला बॅकडोर, म्हणजे चोरवाट, सापडला, त्याची सुरुवात करून देणारी ओळ अशाच एका एम४ फाईलमधे होती, ती लोकांना डाउनलोड करायला दिलेल्या रिलीजच्या टारबॉलमधे होती पण सगळ्यांना दिसणारा कोड जिथे ठेवतात त्या गिटमधे नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं लॉगिन, साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं आणि त्याने ते खणून काढलं म्हणून वाचलो. बिल्डची फाईल वाचता आली पाहिजे असं मी सारखं म्हणतो ते यासाठी.

सीमेक हे पुढचं टूल २०००च्या आसपासचं, किटवेअर कंपनीचं. वैद्यकीय प्रतिमांची आयटीके ही लायब्ररी विंडोज आणि युनिक्स दोन्हीकडे बनवायची होती, त्यातून ते आलं. लिनक्सचा केडीई डेस्कटॉप बनवणारे चौथ्या आवृत्तीसाठी आधी एसकॉन्स या दुसऱ्या बिल्ड टूलकडे गेले, ते जमेना, मग २००६मधे सीमेकवर आले, आणि इतका मोठा प्रकल्प आल्यावर बाकीचेही आले. सीमेक आजही भक्कम आहे, त्याची भाषा मात्र मला कधी आवडली नाही.

मग निंजा. क्रोम ब्राउझरवर काम करणाऱ्या इव्हन मार्टिनने लिहिलं, कारण एक फाईल बदलली तरी बिल्ड सुरू व्हायलाच कितीतरी सेकंद जायचे. निंजाच्या फाईली माणसाने हाताने लिहायच्याच नाहीत, दुसऱ्या टूलने बनवून द्यायच्या, असं पहिल्यापासून ठरलेलं. तसं एक टूल म्हणजे मेसॉन, फिनलंडच्या युसी पाक्कानेनचं, २०१३चं. मेसॉनच्या भाषेत स्वतःचं फंक्शन लिहिताच येत नाही, मुद्दाम, म्हणजे बिल्डची फाईल हा दुसरा प्रोग्राम होऊन बसत नाही. लिनक्स सुरू करून देणारं सिस्टमडी २०१७मधे तिकडे गेलं, पोस्टग्रेस या डेटाबेसने १६व्या आवृत्तीत घेतलं.

मेसॉनला पायथन लागतो, जुन्या मशीनवर तो वेगळा टाकावा लागेल, ही अडचण खरी आहे. तरी माझं मत मेसॉनलाच, कारण आमची बिल्डची फाईल वीसेक ओळींची होते आणि नवीन आलेला माणूस ती वाचून समजू शकतो, टॅब असो की स्पेस. जुनी मेकफाईल पुढच्या रिलीजपर्यंत तरी ठेवू. येत्या रविवारी त्याच मुलीच्या लॅपटॉपवर, कोणी काही न सांगता, नुसतं रीडमी, म्हणजे सूचनांची फाईल, वाचून तिने बिल्ड करून बघायचं ठरलंय, जिथे अडेल तिथे रीडमी दुरुस्त करायचं आणि मगच जुनी फाईल काढायची तारीख ठरवायची.