वर गोडं, खाली खारं

ऐरोलीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगो दाखवायला निघणाऱ्या बोटींचं वेळापत्रक भरती ठरवते. पाणी उतरलं की दोन्ही काठांना चिखल उघडा पडतो, मग बोट नेणार कुठे? उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. एवढं पाणी उथळ खाडीत दिवसातून दोनदा शिरायचं आणि दोनदा बाहेर पडायचं म्हटल्यावर तळाचा गाळसुद्धा ढवळून निघतो. म्हणून पावसाळा सोडला तर ठाण्याच्या खाडीत वरचं आणि तळाचं पाणी जवळपास सारखंच खारं असतं. (चव कुणी घेऊ नये, हे सांगायला नकोच.)

न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फियॉर्डलँडमध्ये कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) पाण्यात घातली की सगळा हिशेबच उलटा. तिथलं डाउटफुल साउंड नावाचं फियॉर्ड घ्या. १७७० साली कॅप्टन कुक त्याच्या तोंडाशी आला, पण आत शिरल्यावर बाहेर पडायला वारा मिळेल याची खात्री वाटेना, म्हणून तसाच पुढे गेला. आजही तिथे सरळ रस्ता जात नाही. मानापौरी सरोवर बोटीने पार करायचं, मग विल्मट खिंड गाडीने उतरायची, तेव्हा कुठे साउंडचं आतलं टोक, डीप कोव्ह, येतं.

फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि पुढे समुद्राने भरलेली दरी. हिमनदी डोंगरात खोल खणत येते, तोंडाशी तिचा जोर ओसरतो आणि ओढून आणलेले दगडगोटे ती तिथेच टाकते. त्यामुळे आत खोल डोह आणि दारात उंबरठा. नॉर्वेतलं सोग्नेफियॉर्ड आत १,३०० मीटरांहून खोल आहे, तोंडाशी मात्र २०० मीटरसुद्धा नाही.

आता यात पाऊस मिळवा. फियॉर्डलँडमधल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला साधारण साडेसहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या ठाण्याच्या अडीचपट. हे पाणी जंगलातल्या कुजलेल्या पाल्यातून झिरपतं आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं होऊन कड्यांवरून खाली येतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं. भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटरांचा, पाण्याची खोली शेकडो मीटर, ढवळणार कोण? त्यात मानापौरीचं जलविद्युत केंद्र सरोवराचं पाणी बोगद्याने डीप कोव्हमध्येच सोडतं, त्यामुळे तिथला गोड्या पाण्याचा थर आणखी जाड झाला आहे.

या तपकिरी थरातून खाली उजेड फारसा पोचत नाही. एरवी खोल, अंधाऱ्या समुद्रात राहणारं काळं प्रवाळ त्यामुळे इथे दहाएक मीटरांवरच पाणबुड्यांना भेटतं. जिवंत असताना ते दिसतं पांढरं. काळा असतो तो आतला सांगाडा. आपल्याकडची मंडळी पॅकेज टूरने मिलफर्डला जातात आणि पाऊस लागला की हिरमुसतात. मला विचाराल तर फियॉर्ड बघावं पावसातच. ही सगळी करामत त्याचीच आहे.

दोन थरांचं पाणी बोटीलाही चकवतं. १८९३ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज अचानक रेंगाळायला लागलं. समुद्र शांत, इंजिन चालू, पण जहाज काही पुढे सरकेना. कारण शोधलं स्वीडनच्या एकमन या समुद्रशास्त्रज्ञाने, टाकीत दोन थरांचं पाणी भरून त्यात छोट्या बोटी ओढून. त्याचं काम १९०४ मध्ये प्रसिद्ध झालं. जहाजाची ताकद गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर मोठ्या लाटा उठवण्यात खर्च होत होती आणि वरून त्यांचा पत्ताच लागत नव्हता. नॉर्वेच्या फियॉर्डांमध्येही नावाड्यांना हा अनुभव जुना होता. कयाक पाण्यात जेमतेम वीतभर बुडते, त्यामुळे तिला हा त्रास सहसा होत नाही.

कयाकवाल्याने धास्ती बाळगावी ती कड्याची. फियॉर्डलँडच्या उभ्या खडकावर माती जवळजवळ नाहीच. झाडं शेवाळाच्या गादीवर उगवतात आणि एकमेकांच्या मुळांत मुळं गुंतवून तग धरतात. मुसळधार पावसात एक सुटलं की खालची सगळी घेऊन थेट पाण्यात येतं. मागे वरपासून खालपर्यंत एक पट्टा उरतो. ताजा असेल तर तो उघडा, करड्या खडकाचा; काही वर्षांनी त्यावर शेवाळ चढतं, मग नेचे, मग झुडपं. वल्हं मारता मारता कड्याकडे नजर टाकली तर कुठला पट्टा नवा आणि कुठला जुना, हे रंगावरूनच ओळखता येतं.