वेबसाइट उघडली म्हणून नाव-नंबर कळत नाही

'कुठलीही वेबसाइट नुसती उघडली तरी मालकाला तुमचं नाव, मोबाइल नंबर, घरचा पत्ता कळतो,' हा मेसेज आमच्या गुहागरच्या ग्रुपवर दर मोसमात फिरतो. काळजी वाटणं साहजिक आहे, पण सहसा तसं होत नाही.

वेबसाइटला मुख्यतः दिसतो तो आयपी पत्ता (घरचा नव्हे, नेटच्या जोडणीला मिळालेला क्रमांक), ब्राउझरचा प्रकार आणि तिनेच आधी ठेवलेली कुकी, म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद. मोबाइल नेटवर बऱ्याचदा एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो; तो कुठल्या क्षणी कोणाकडे होता, हे नेट पुरवणाऱ्या कंपनीलाच ठाऊक. वेबसाइटवर आलेले पाहुणे ओळखणारी साधनं आयपी कोणाच्या नावावर आहे ते शोधतात. मोठ्या ऑफिसातून कोणी आलं तर ऑफिसचं नाव लागतं, माणसाचं नाही.

मात्र फॉर्म भरलात किंवा लॉगिन केलंत, की कुकीमुळे पुढची भेट तुमच्या नावाशी जोडता येते. काही साधनं दुसरीकडे दिलेला ईमेलही जुळवून पाहतात. सावध राहायचं ते इथे.

स्वतःच पाहा: वायफाय आणि लोकेशन बंद करून मोबाइल नेटवर 'माझा आयपी' शोधा, गाव कुठलं दाखवतंय ते बघा. मी गुहागरजवळच्या असगोलीच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं, तर मुंबई दिसली.